मुक्या सांध्याची साक्ष

(तृतीय वर्ष कला)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात बैलाच्या गुडघ्यावर लेख यावा, हे आमच्या काही मित्रांना चमत्कारिक वाटेल. विषय ऐकताच एकाने ‘कृषी महाविद्यालयाच्या अंकाकडे पाठव’ असा सल्लाही दिला. पण भोरला शिकायला येणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी गोठा आहे, आणि चैत्र-वैशाखात वर्गातील मागची बाके का ओस पडतात, हे प्राध्यापक मंडळींनाही चांगले ठाऊक आहे. हजेरीपटावर ‘आजारी’ म्हणून लागलेली मुले कुठल्या माळावर धुरळा खात उभी असतात, ते सांगायला नको. मीही त्यांतलाच. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे समजून वाचकांनी पुढे वाचावे.

आमचे घर वेल्हे तालुक्यात. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे आणि अर्जावर आम्ही तेच लिहितो. पण नसरापूरच्या थांब्यावर अजून ‘वेल्ह्याची गाडी गेली का?’ असेच विचारले जाते. आमच्याकडे भाताची खाचरे. तिथे चिखलणीला गावठी, आखूड पायांचा, चिवट बैल लागतो. शर्यतीच्या खिल्लाराचे तिथे काही काम नाही. तरीही आमच्या चुलत्यांनी, आप्पांनी, एक दुभती म्हैस विकून खिल्लार खोंड आणला. त्याचे नाव हरण्या. त्याला भरडा, उडदाची डाळ, अंडी, दूध; आणि घरातल्या आम्हा मुलांना आमटी-भात. काकू बोलून दाखवीत, पण संध्याकाळी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला त्याही जात. जनावराची हौस ही काय चीज आहे, हे ज्यांच्या घरी नाही त्यांना समजावून सांगता येत नाही.

हरण्या चौसा झाला त्या वर्षी तो पळण्यात नावाला आला. यात्रेला आठ दिवस राहिले असताना सरावाच्या माळावरून परत येताना तो पुढचा उजवा पाय चुकवू लागला. घरी आल्यावर पाहिले तर गुडघा गरम आणि थोडा भरलेला. आप्पांनी शेक दिला, तुरटी-हळदीचा लेप दिला, एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून बिब्बा लावला. सूज उतरली नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी कुणीतरी एका गृहस्थांना घेऊन आले. ते सरकारी डॉक्टर नव्हते, एवढेच सांगतो. त्यांनी बैल पाडायला लावला, गुडघ्यात सुई घातली, थोडे पिवळसर पाणी काढले आणि त्याच सुईवाटे औषध सोडले. दहा मिनिटांचे काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरण्या चारी पाय सारखे टाकीत गोठ्याबाहेर आला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आले. मीही आनंदाने ओरडलो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मी कुणी वेगळा, शहाणा निघालो असे कुणाला वाटू नये.

मैदानावर तपासणी झाली. डॉक्टरांनी बैल चालवून पाहिला, पाय पाहिले आणि धावण्यास योग्य असल्याचा दाखला दिला. त्यांची चूक मुळीच नव्हती. त्या दिवशी त्या मैदानात हरण्याचा गुडघा कदाचित सगळ्यांत निरोगी दिसत असेल. पहिल्या फेरीत आमचा गट निघाला. सेमीला निशाण ओलांडल्यावर गाडी आवरताना हरण्या पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर बसला. उठवला तेव्हा उजवा पाय जमिनीला टेकेना. रात्री टेंपोतून उतरवला तेव्हा गुडघा नारळाएवढा झाला होता.

पुढचे काही दिवस मी संतापलेला होतो. हरण्याचा छळ झाला, असे मनात घोळत होते. पण छळ केला कुणी आणि कोणता नियम मोडला, हे सांगता येईना. आपल्या राज्यात बैलगाडा शर्यतींसाठी 2017 साली जे नियम झाले, ते आता गावोगावच्या यात्रा कमिट्यांना पाठ आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धाव 1000 मीटरपेक्षा लांब नको. पशुवैद्यकाचा दाखला हवा. चाबूक, काठी, विजेचा धक्का नको. उत्तेजक द्रव्य नको. मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आम्ही काठी उचलली नव्हती. शेपटी पिरगळली नव्हती. उत्तेजक म्हणाल तर हरण्याच्या गुडघ्यात गेलेले औषध उत्तेजक नव्हतेच. त्याने बैल जास्त पळाला नाही. तो त्याच्या नेहमीच्या वेगाने पळाला. आणि सगळा घोटाळा नेमका तिथे आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

आपण ‘डोपिंग’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर ताकद वाढवणारे काहीतरी येते. जनावराला पेटवणारे, डोळे लाल करणारे. सांध्यातली सुई नेमके उलट काम करते. ती जनावराला काही देत नाही. त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेते. लंगडणे. बैलाला, घोड्याला बोलता येत नाही हे आपण फार सहजपणे म्हणतो. वस्तुतः त्याला एक वाक्य उत्तम बोलता येते, आणि ते तो पायाने बोलतो. सुईने ते वाक्य पुसले की मालक, हाकणारा, डॉक्टर, पंच आणि माळावरचे हजारो लोक एकाच वेळी बहिरे होतात.

हे मला कळले ते बैलांमुळे नव्हे, घोड्यांमुळे. हरण्याला पुढे ज्या सरकारी दवाखान्यात नेले, तिथल्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितले, ‘अरे, रेसच्या घोड्यांना ह्याच सुईसाठी दिवसांचा नियम आहे.’ मग मी वाचत गेलो. आपल्या पुण्यात लष्कर भागात घोड्यांचा रेसकोर्स आहे. पावसाळ्यात तिथे शर्यती होतात आणि हिवाळ्यात त्या मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर जातात. एस.टी.ने स्वारगेटला उतरणाऱ्या आम्हा लोकांना तो रेसकोर्स दोन-तीन कोसांवर असूनही चंद्रावर असल्यासारखा. पण घोड्याचा सांधा आणि बैलाचा सांधा यांत फार मोठे अंतर नाही.

थोडे शरीरशास्त्र सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी. घोड्याच्या किंवा बैलाच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो, तो खरे म्हणजे आपल्या मनगटाच्या जागचा सांधा आहे. त्याच्याखाली घोडा एका बोटावर उभा असतो, बैल दोन बोटांवर. चारशे-पाचशे किलो वजनाचे जनावर एका बोटाच्या टोकावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावते आहे, अशी कल्पना करून पाहा. भरधाव धावताना एकेका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. तो भार झेलायला हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्यात वंगणासारखे पाणी असते. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती झिजली की सहसा पूर्ववत भरून येत नाही. तिला मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती स्वतः दुखत नाही; दुखते ते भोवतालचे आवरण, सूज आणि खालचे हाड. म्हणजे सांधा ओरडू लागतो तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असते.

सुईतून जे औषध जाते ते बहुधा स्टेरॉइड वर्गातले. ते सूज झपाट्याने उतरवते. योग्य हातात, योग्य वेळी, पुढे विश्रांती देऊन वापरले तर ते उपयोगी औषध आहे, याविषयी शंका नको. माणसालाही ते देतात; आपल्यापैकी कुणाच्या आजीच्या गुडघ्यात ते गेले असेल. पण आजीला डॉक्टर सांगतात, ‘थोडे दिवस जिना चढू नका.’ बैलाला दुसऱ्या दिवशी गाडीला जुंपतात. सूज उतरली म्हणजे जखम भरली असे नसते. दुखणे गेलेले जनावर दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकते, आणि हाडात केसाएवढी चीर असेल तर ती तिथेच फाकते. शिवाय काही स्टेरॉइडे पुन्हा पुन्हा दिली तर कूर्चेचीच हानी करतात. वर आणखी, गोठ्यात, शेणामातीत, उघड्या सुईने सांध्याचे तोंड उघडायचे म्हणजे आत पू होण्याला आमंत्रणच.

घोड्यांच्या जगाला हे शहाणपण सुखासुखी आलेले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर 2018 च्या डिसेंबरअखेरपासून 2019 च्या जूनपर्यंतच्या एका हंगामात 30 घोडे मेले. काही शर्यतीत, काही नुसत्या सरावात. तिथली वर्तमानपत्रे महिनोन्‌महिने त्याच बातमीने भरली होती. पुढे 2020 च्या डिसेंबरात तिथे घोड्यांच्या शर्यतींसाठी केंद्रीय कायदा झाला, आणि 2022 च्या जुलैपासून देशभर एकसारखे सुरक्षा नियम लागू होऊ लागले. तरीही 2023 साली केंटकीच्या प्रसिद्ध डर्बीच्या आसपासच्या काही आठवड्यांत त्या एकाच मैदानावर 12 घोडे दगावले. म्हणजे नियम केला की सगळे सुरळीत झाले, अशी ही गोष्ट नाही.

पण नियम काय आहे ते पाहण्यासारखे आहे. सांध्यात सुई दिली तर त्यानंतर 14 दिवस घोडा शर्यतीत उतरवायचा नाही. ब्रिटनमध्येही सांध्यातल्या स्टेरॉइडसाठी 14 दिवस. ऑस्ट्रेलियात आठ पूर्ण दिवस. अमेरिकेच्या नियमात याखेरीज आणखी एक कलम आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते: घड्याळ लावून जो जोराचा सराव करतात, त्याच्याही आधी सात दिवस सुई नको. कारण घोडा काही फक्त शर्यतीत मोडत नाही. लोक पाहत नसतात तेव्हा, पहाटेच्या सरावातही तो मोडतो.

या नियमाचे मला आवडलेले वैशिष्ट्य असे की तो औषधाला दोष देत नाही. डॉक्टरने उपचार करावा, बेलाशक करावा. फक्त उपचारानंतर दिवस मोजावेत. तेवढ्या दिवसांत औषधाचा जोर ओसरतो. मग पाय खरोखर बरा झाला असेल तर घोडा नीट चालतो, नसेल तर पुन्हा लंगडतो. त्याची जीभ त्याला परत मिळते.

माणसांच्या खेळातही हेच आले आहे. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 1 जानेवारी 2022 पासून स्पर्धेच्या काळात या वर्गातल्या औषधांची सर्व प्रकारची इंजेक्शने निषिद्ध ठरवली, सांध्यातलीसुद्धा. आणि खेळाडू तर ‘मला दुखते आहे, मी आज खेळत नाही’ असे म्हणू शकतो. त्याला हे बंधन, आणि बैलाला नाही?

इथे आमचे माळावरचे मित्र लगेच उसळतील, आणि त्यांचे उसळणे मला समजते. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळात वा प्रदर्शनात वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. 2017 साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तर उच्च न्यायालयात शर्यती पुन्हा अडल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या वर्षांत पुण्याचा आणि मुंबईचा घोड्यांचा रेसकोर्स त्या बंदीच्या यादीत नव्हता. घोड्यावर पैसे लावणे हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलेले होते. साहेबाची टोपी घालून पैसे लावले तर तो खेळ, आणि फेटा बांधून गुलाल उधळला तर क्रूरता, हा आमच्या लोकांचा सल खोटा नाही. तो मलाही बोचतो. ज्या खोंडाला घरात पोटच्या पोराआधी दूध मिळते त्याच्या मालकाला ‘क्रूर’ म्हणणाऱ्यांनी एकदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी पाहायला यावे, असे मला अजूनही वाटते.

पण म्हणूनच सांगतो. ज्या रेसकोर्सचा आपण इतका हेवा करतो त्याच्याकडून घेण्यासारखी ही एक गोष्ट आहे, आणि ती टोपीवाल्यांची म्हणून टाकून देण्यात शहाणपण नाही. आपल्या बाजूने न्यायालयात जे सांगितले गेले ते हेच, की बैलाचा छळ होणार नाही अशी काळजी आम्ही घेऊ. चाबूक लांबून दिसतो, म्हणून चाबकाची काळजी घेतली गेली. सुई दिसत नाही.

दिवसांचा नियम आपल्याला परका आहे, असेही नाही. आमच्या गावात सोमवारी औत धरत नाहीत. पोळ्याला कितीही काम पडले तरी जू ठेवत नाहीत. त्यासाठी कधी कुणा इन्स्पेक्टरची गरज पडली नाही. आणि ज्या मुलखात आपण राहतो, त्या राजगडावरून ज्यांनी राज्य केले त्या महाराजांचे चिपळूणकडच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र आपण इतिहासाच्या तासाला वाचलेले आहे. दाणावैरण बेताने वापरली नाही तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि तो दोष तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय. पत्राचा उल्लेख सभेत सगळेच करतात, आणि तो रयतेच्या भाजीच्या देठासाठी करतात. मला त्यातले घोडे महत्त्वाचे वाटतात. जनावर मेले तर ‘नशीब’ म्हणून सुटका नाही. त्याचा जाब सांभाळणाऱ्याला आहे.

आता आक्षेप. आप्पांशीच माझे यावरून किती वेळा वाजले आहे. मी म्हणालो, ‘आप्पा, दोन आठवडे थांबलो असतो तर?’ आप्पा म्हणाले, ‘आरं, यात्रा थांबती व्हय आपल्यासाठी? द्येवाचा दिवस ठरल्याला असतोय.’ हा आक्षेप खरा आहे. घोड्याचा हंगाम महिनोन्‌महिने चालतो. एक शर्यत चुकली तर पुढची. आपली यात्रा वर्षातून एकदा. पण यात्रांची रांग दोन महिने चालते हेही खरे, आणि एका यात्रेपायी पुढची सगळी वर्षे घालवायची की काय, याचा हिशेब आप्पांना हरण्याने पुरता शिकवला.

दुसरा आक्षेप असा की हे तपासणार कोण? प्रयोगशाळा कुठे आहे? रेसकोर्सवर जिंकणाऱ्या घोड्याचे लघवीचे, रक्ताचे नमुने घेतात; आपल्या माळावर बैलाची लघवी धरायला कोण बसणार, असे विचारून आमच्या टोळीतले एकजण सगळ्यांना हसवतात. मी म्हणतो, प्रयोगशाळा नको, वही पुरे. जनावरांच्या कानात आता बारा आकडी बिल्ला असतो आणि बिल्ल्याशिवाय सरकारी दवाखान्यात उपचार होत नाहीत, असा 2024 पासून राज्याचा नियम आहे. त्या आकड्यासमोर सुईची तारीख आणि कोणता सांधा एवढे लिहून ठेवायचे. शर्यतीचा दाखला देताना डॉक्टरांनी बैल पाहावाच, पण आधी ती नोंद पाहावी. नोंद नसलेली सुई सापडली तर टोचणारा आणि मालक दोघांनाही त्या हंगामापुरते मैदान बंद. आणि गावात सुई लपते असे ज्यांना वाटते ते गावात राहिलेले नाहीत. कुणाच्या गोठ्यात रात्री कोण येऊन गेले हे सकाळी पाण्यावर गेलेल्या बायकांना ठाऊक असते.

यातला धोका मला दिसत नाही असे नाही. जनावरांच्या सुयांवर आपल्या देशात आधीही बंदी आली आहे, आणि तिचे काय झाले ते गिधाडांना विचारावे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत. मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण 2004 साली सिद्ध झाले, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांच्या घरात संपली होती. 2006 साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचू लागले, म्हणून 2015 साली माणसांच्या बाटलीचे माप तीन मिलिलिटरवर आणावे लागले. सरळ दार बंद केले की सुई परसदाराने येते. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे तोरण्याच्या कड्याकडे बोट दाखवून तिथल्या गिधाडांच्या गोष्टी सांगत. आम्ही वर पाहायचो आणि नुसते आकाश दिसायचे. असो, विषय थोडा लांब गेला. सांगायचे एवढेच, की नुसती बंदी घालून भागत नाही. बंदी औषधाला लपायला लावते. दिवसांचा नियम औषधाला उघड्यावर येऊ देतो, कारण ‘सुई दिली’ असे सांगण्यात गुन्हा नसतो; सांगितल्यावर थांबावे लागते इतकेच.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा, आणि तो मला कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकायला मिळाला: शर्यतीच बंद करा ना, म्हणजे सुईचा प्रश्न राहणार नाही. या मित्रांना मी एवढेच विचारतो की ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर खिल्लार खोंड पाळायचा कशासाठी? शर्यत गेली तर तो खोंड बाजारात जाईल, आणि बाजारातून कुठे जाईल ते मी इथे लिहीत नाही. शर्यत हवी म्हणूनच नियम हवा. बैल वाचला तर शर्यत वाचेल. पुन्हा एखाद्या मैदानावर चार बैल मोडले, कुणी त्याचे चित्रण केले आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले, तर त्या वेळी आपल्या बाजूने सांगण्यासारखे आपल्यापाशी काय असेल?

सरावाचे कलम मात्र आपल्याकडे आणणे सर्वांत अवघड, हे कबूल करतो. शर्यतीला निदान मैदान असते, पंच असतात, परवानगी असते. सराव कुठल्याही माळावर, पहाटे, दोन-चार जणांत होतो. हरण्याचा गुडघा बिघडला तो सरावातच; शर्यतीने फक्त त्यावर शिक्का मारला. तिथे मालकाची समजूत हाच नियम, आणि ती समजूत घालायला माझ्या मते आपल्यासारख्या मुलांइतके योग्य कुणी नाही. आपण बैलाच्या दावणीला वाढलो आणि चार पुस्तके वाचली. दोन्हीकडचे थोडे थोडे आपल्याला कळते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडून होतात, झाडे लावून होतात. एखादे वर्षी यात्रांच्या आधी गावागावांतून या वहीची गोष्ट सांगत फिरलो, सोबत पशुवैद्यकीय डॉक्टर घेतले, तर शिबिराचे काम वाया जाणार नाही, असे प्राध्यापक मंडळींना सुचवावेसे वाटते.

हरण्या आहे. गुडघा जाड झाला तो झालाच. तो आता चालतो, पळत नाही, आणि उठताना मागचा भाग आधी उचलून बराच वेळ तसाच थांबतो. आप्पांनी त्याला विकला नाही. गेल्या वर्षी त्यांनी दुसरा खोंड आणला. यंदा यात्रेच्या अकरा दिवस आधी त्याचा पाय मुरगळला तेव्हा ते स्वतःच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी सांध्यात औषध दिले आणि दोन आठवडे जुंपू नका म्हणून सांगितले. आप्पांनी गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर खडूने तारीख लिहिली आणि रोज एक रेघ ओढू लागले.

यात्रेच्या दिवशी अकरा रेघा झाल्या होत्या. खोंड चांगला चालत होता. मला तर तो पूर्ण बरा वाटत होता. आप्पांनी त्याला दावणीलाच ठेवला आणि आम्ही दोघे एस.टी.ने मैदानावर गेलो. तिथे एका गावची जोड पहिली आली. तिच्यातल्या एका बैलाला त्याच आठवड्यात सुई दिली होती, असे लोक बोलत होते. मी पाहिलेले नाही. आप्पा ऐकत होते. परतताना गाडीत बराच वेळ गप्प बसले आणि कापूरहोळच्या पुढे गेल्यावर म्हणाले, ‘एकट्यानं रेघा वढून काय उपेग रं?’